सुखदेवला न दिलेली चिठ्ठी

सुखदेव, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा विहारात तुझ्यासाठी सगळे जमले होते. प्रेसचे मालक बोलले, वस्तीतले मास्तर बोलले, मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझ्याच्यानं बोलवत नाही." लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नसेल. दुःख होतंच, पण गप्प बसलो तो भीतीनं. तोंड उघडलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं. जे नऊ वर्षं तुझ्यासमोर बोललो नाही, ते तुझ्या फोटोसमोर कुठून बोलणार होतो?

म्हणून लिहायला बसलो. मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन. तू सगळ्यांना सांगत आलास की तू मला फसवलंस. डोळे तपासायचा तक्ता तू पाठ केला होतास, घडाघडा म्हणून दाखवलास, त्यामुळे मी तुला वेळेवर अकोल्याच्या डॉक्टरांकडे धाडलं नाही आणि तुझे डोळे गेले. ही तुझी गोष्ट. ती खोटी आहे, सुखदेव. मी फसलो नव्हतो. मला तिथल्या तिथं कळलं होतं.

आता सगळं सांगतो. यातलं बरंच तुला माहीत आहे, पण तू तुझ्या बाजूनं पाहिलेलं, आणि तीही बाजू एका डोळ्यानं.

अंजनगावच्या शाळेत आपण एका वर्गात होतो म्हणायचं. मी आत पट्टीवर, तू बाहेर ओसरीवर. मास्तर फळ्यावर काय लिहितात ते तुला खिडकीच्या गजांतून दिसायचं, तेही अर्धंच. तरी शुद्धलेखनात तुझा नंबर पहिला. पुढे तू अमरावतीत प्रेसमध्ये चिकटलास, छपाईचे खिळे जुळवायला लागलास. मी नागपूरला मामाच्या दुकानात काचा घासायला शिकलो आणि राजापेठेत चष्म्याचं दुकान टाकलं. तुझा प्रेस माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दुपारचा डबा खाऊन तू यायचास, बाकावर बसायचास आणि माझ्या गिऱ्हाइकांना न विचारता सल्ले द्यायचास. मला राग यायचा. तू जायला निघालास की चुटपुट लागायची.

मुंबईहून आलेला तक्ता इंग्रजी होता. शहरातल्या वकिलांना ठीक, पण दर्यापूर-मोर्शीकडच्या माणसाला त्याचं काय? ज्याला अजिबात वाचता येत नाही त्याच्यासाठी माझ्याकडे आकड्याचा पुठ्ठा होता, फणीसारखे तीन दाते असलेला एकच आकडा काढलेला. त्याचे दाते कुठं वळलेत ते हातानं दाखवायचं, आणि मी तो हवा तसा फिरवायचा. पण चार इयत्ता शिकलेल्याला तो पुठ्ठा पुढं केला की अपमान वाटे. म्हणून मराठी अक्षरांचा तक्ता छापून घ्यायचं ठरवलं आणि काम अर्थातच तुझ्याकडे आलं. वरची मोठी अक्षरं तू लाकडी खिळ्यांतून निवडलीस, खालची बारीक शिशाच्या. दोन दुपारी आपण त्यावर भांडलो. मी अवघड अक्षरं घालत होतो, तू काढत होतास.

"मधू, हा तक्ता हाये का परीक्षा? माणूस तुह्याकडं चष्मा घ्याले येते, शाळेत नाव टाकाले नाई."

"पण घ आणि ध ओळखता आले पाहिजेत. दोघांत फरक कळला तरच डोळा चांगला."

"मंग घ-ध ठेव. पण ष काढ. मले सुद्दा थो पाहून घाम येते."

ष काढला. तक्ता झाला तो तुझ्या मनासारखा, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा शहाणा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तू प्रेसचं नाव टाकलंस. स्वतःचं टाकलं नाहीस. मी म्हटलं टाक, तर म्हणालास, "कंपॉझिटरचं नाव कुठी छापते का कोणी?"

आता त्या चिठ्ठीचं. मी काही डॉक्टर नव्हे. काच लावून दिसलं तर माझं काम, काच लावूनही दिसेना तर माझं काम संपलं. मग अर्ध्या कागदावर चिठ्ठी लिहायची: कोणता डोळा, किती ओळी वाचतो, कोणती काच लावून पाहिली, काचेने सुधारत नाही, कृपया पाहावे. ती घेऊन माणूस अकोल्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचा. डॉक्टर कडक, पण मोठ्या मनाचे. तपासून झालं की त्याच चिठ्ठीच्या पाठीवर चार ओळी लिहून कागद मला परत पाठवायचे. मी त्या पाठीवरच्या ओळींवरच शिकलो. बाजूनं बोट आणून पाहायचं, म्हणजे नजर कडेनं आकसली आहे का ते कळतं, हे त्यांनीच शिकवलं. आणखी एक त्यांनी एकदा मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलं होतं: वर्षात तिसऱ्यांदा नंबर बदलू लागला तर काच बनवू नये, माणूस इकडे पाठवावा. तो कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवला होता. तूच म्हणाला होतास, नीट सरळ लाव, वाकडा दिसते.

मग ते हेडमास्तरांचं प्रकरण झालं. मोतीबिंदू सुरू झाला म्हणून मी त्यांना चिठ्ठी दिली. ते बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले, दोन दिवस राहिले आणि परत येऊन भर दुपारी दुकानात चिठ्ठीची पाठ मोठ्यानं वाचून दाखवली. मोतीबिंदू नाही. चष्म्याचा नंबर चुकला आहे. पाठवण्यापूर्वी नीट तपासावे. दुकानात पाच माणसं होती आणि बाकावर तू. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हेडमास्तर गेल्यावर तू समजूत घालायला लागलास, ते मला आणखीच झोंबलं.

"एक चिठ्ठी चुकली त काय झालं रे? आमचं प्रूफ रोजच चुकते. खूण करतो, खिळा बदलतो, पुढं जातो."

"प्रूफ कोणी बाहेरचं पाहत नाही. माझी चिठ्ठी डॉक्टर पाहतात."

"पाहू दे ना. दहा लोकं उगीच गेले तरी चालते, एक जायचा राह्यला नाई पाह्यजे."

मी म्हणालो, तुला धंद्यातलं काही कळत नाही. तो वाद तिथंच राहिला. तुझं बरोबर होतं, हे मी आज लिहून देतो. तेव्हा मात्र माझा हात आखडला. चिठ्ठी लिहायला घेतली की डॉक्टरांचं अक्षर डोळ्यांपुढं यायचं आणि मी म्हणायचो, अजून एकदा काच बदलून पाहू.

त्याच वर्षी तुझ्या चष्म्याची रड सुरू झाली. दिवाळीआधी एक केला. संक्रांतीनंतर तू म्हणालास, बारीक खिळे पुसट दिसतात, दुसरा केला. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा आलास. मधे एकदा बोलता बोलता सांगितलंस की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. मी म्हणालो, डोळ्यांवर ताण फार घेतोस. तू उजव्या खांद्यानं माझ्या दाराच्या चौकटीला धडकलास, तेही एकदा नाही. आपण हसलो. मी म्हणालो, आता दार रुंद करून घेतो.

प्रेसमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुझ्या बोटांना खिळ्यांचे खण तोंडपाठ होते. हात आपोआप जायचा आणि अक्षर घेऊन यायचा. आणि त्या दिवसांत तुझ्या हाती तुझं स्वतःचं काम होतं. दीक्षा घेतल्यापासून वस्तीत वंदना तोंडी शिकवत होते, कुणी काही म्हणायचं, कुणी काही. विहारासाठी छोटी पुस्तिका तू प्रेसच्या वेळेनंतर बसून स्वतः जुळवत होतास. मालकांनी परवानगी दिली होती, पण डोळ्यांचं काही निघालं तर ते तुला कागदाच्या घड्या घालायला बसवणार, हे तुला ठाऊक होतं. पुस्तिका अर्धी राहिली असती. ती तुला अर्धी ठेवायची नव्हती. ज्या गोष्टी तू खिडकीच्या गजांतून अर्ध्या पाहिल्या होत्यास, त्या वस्तीतल्या पोरींना पुऱ्या छापून द्यायच्या होत्या. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं असं नाही. काही तू नंतर सांगितलंस. पण अंदाज होता.

तर तो दिवस. तिसऱ्या चष्म्यासाठी तू खुर्चीवर बसलास. डावा डोळा आधी झाला, बरा होता. मग मी डाव्यावर पुठ्ठा धरायला दिला आणि उजव्यानं वाच म्हणालो. तू वरून सुरुवात केलीस, घडाघडा. तेवढ्यात तक्ता ठोकलेला खालचा खिळा भिंतीतून निघून कोपरा लोंबायला लागला, तो दाबायला मी भिंतीपाशी गेलो. तक्त्याच्या खालच्या ओळी माझ्या पाठीआड गेल्या. आणि सवयीनं, मागं न पाहता, माझ्या तोंडून निघालं, "हं, शेवटची ओळ."

तू वाचलीस. एकही अक्षर न चुकता. माझ्या पाठीतून.

मी वळून पाहिलं. तू खुर्चीत ताठ बसला होतास. तोंड तक्त्याकडे नव्हतंच, जरा डावीकडे कॅलेंडरच्या बाजूला होतं, आणि चेहऱ्यावर पास झालेल्या पोरासारखा आनंद. सुखदेव, त्या क्षणी मला कळलं. तक्ता तू जुळवलेला, तुला पाठ असणारच, आणि उजव्या डोळ्यानं तुला भिंतीवरचं काही धड दिसत नव्हतं, समोर उभा असलेला मीसुद्धा नाही. आकड्याचा पुठ्ठा खालच्या कप्प्यात होता. काढून फिरवला असता की झालं. बाजूनं बोट आणून पाहायला अर्धं मिनिट लागतं. काउंटरच्या काचेखाली डॉक्टरांचा कागद होता, तू सांगितल्याप्रमाणे सरळ लावलेला.

मी काय केलं? मी म्हणालो, "शाबास. डोळा ठीक आहे. जवळचा नंबर जरा वाढवू."

का, ते मी नऊ वर्षं स्वतःला निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितलं. सुखदेवला जायचं नाही, त्याची इच्छा मोडू नये. पुस्तिका होऊ दे, मग धाडू. पण हे सगळं नंतर रचलेलं. त्या मिनिटाला माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तुला धाडलं तर डॉक्टर विचारणार, आधी काय केलं? आणि मला चिठ्ठीत लिहावं लागणार, सहा महिन्यांत तीन चष्मे. त्याच्या पाठीवर ते काय लिहितील ते मला आधीच वाचता येत होतं. त्या चार ओळी टाळण्यासाठी मी तुझा डोळा जाऊ दिला. इतकी साधी आणि इतकी हलकी गोष्ट आहे ती.

पुस्तिका पावसाळ्यात निघाली. पहिली प्रत तू मला आणून दिलीस. आत तीन ठिकाणी अक्षरं चुकली होती, तुझ्या कामात कधी नव्हे ते. मी तुला सांगितलं नाही. पोळ्याच्या सुमारास राजापेठेच्या चौकात उजव्या अंगानं आलेली सायकल तुला दिसलीच नाही, पडलास, आणि लोक तुला उचलून माझ्याच दुकानात घेऊन आले. तेव्हा मी बोट बाजूनं आणून पाहिलं. उजव्या बाजूला काहीच नाही. डावीही आकसलेली. तेव्हा चिठ्ठी लिहिली, आणि चिठ्ठीबरोबर मीही आलो.

अकोल्याला डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाते, गेलेलं परत येत नाही. ते तुझ्यासमोर काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी का नाही पाठवलंत?" मी म्हणालो, "तक्ता पूर्ण वाचत होता, साहेब." हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं पचलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, त्यानं तुला तीन वर्षं आणखी उजेड मिळाला, मग तोही गेला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर तू माझा हात धरलास. डोळ्यावर पट्टी होती.

"मधू, एक सांगू का? रागावू नको. म्या थो तक्ता पाठ केलता. मले दिसून नव्हतं राह्यलं. तुले फसवलं म्या. डॉक्टर तुलेच बोलले असतील ना? माह्यामुळं तुले आयकाव लागलं. माफ कर गड्या."

बोलायला तीच वेळ होती. डब्यात समोर एक म्हातारी भाकरी खात होती, तिच्याकडे पाहत मी म्हणालो, "जाऊ दे रे. झालं ते झालं." तुझी माफी मी घेतली. माझ्या गुन्ह्याबद्दल मी तुला माफ केलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं, तेही पाहिलं.

नंतरची वर्षं तू रोज दुकानात येऊन बसलास. काठी टेकत, खांद्यावर उपरणं, बाकाची तीच कड. अकोल्याला जायला कां-कूं करणारं गिऱ्हाईक आलं की तू आवाजावरून ओळखायचास. कुणाला पेरणी आडवी यायची, कुणाला पोरीचं लग्न, कुणी म्हणायचं दवाखान्यात गेलेला परत येत नाही. मग तू सुरू व्हायचास.

"या, माह्याजवळ बसा. हा चष्मेवाला सोन्यासारखा माणूस. म्या याले फसवलं अन् हे पाहा काय झालं. तुमी नका फसवू. चिठ्ठी घ्या अन् पयल्या गाडीनं निंगा."

आणि लोक जायचे. तुझ्याकडे पाहून जायचे. कितीतरी जणांचे डोळे तुझ्या त्या गोष्टीनं राहिले. मीही सुधारलो, आता शंका आली की चिठ्ठी देतो, डॉक्टर काय लिहायचं ते लिहोत. पण प्रत्येक वेळी 'सोन्यासारखा माणूस' ऐकताना मी काच पुसत राहायचो. दुकानाचं नाव झालं. ते नाव तुझ्या खोट्या गोष्टीवर उभं होतं, आणि ती तुला खरी वाटत होती. तुझे आभार मानायचे तर कुठल्या तोंडानं मानू? तरी मानतो.

काल मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात गहू निवडत होत्या. मी येताच त्या म्हणाल्या, "भाऊ, ताप डोक्यात गेला तरी त्याइच्या तोंडी तुमचंच नाव होतं. मधूले खोटं सांगतलं, मधूले खोटं सांगतलं. एकच लागून होतं त्याइले."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. अंगणातच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. तक्त्यापुढं उभा होतो ते, शाबास म्हणालो ते, गाडीतलं. वहिनींचा हात सुपात थांबला. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या,

"थे हासून हासून लोकाइले सांगत राह्यले, अन् तुमी आयकत राह्यले?"

"हो."

"नऊ वर्सं?"

"हो, वहिनी."

"मले कायले सांगता मंग? ज्याले सांगाचं होतं थो गेला." सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. दारापाशी जाऊन पुन्हा वळल्या. "आता दुकानात त्याइचा किस्सा सांगू नका. सांगाचाच असन त तुमचा सांगा."

आज सकाळी मोर्शीकडचा एक माणूस आला. संत्र्याची बाग आहे, बहार तोंडावर, एक डोळा दुखतो आणि दिव्याला कडं दिसतं म्हणतो. चिठ्ठी लिहून दिली तर नको म्हणाला. बाक रिकामा होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि माझी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, जशी झाली तशी. नावं घेतली. काही लपवलं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाला, "दोस्ताचे डोळे जाऊ देल्ले तुमी. मंग तुमच्या चिठ्ठीवर म्या काहून भरोसा ठेवाव?"

मी चिठ्ठी पुन्हा त्याच्यापुढं धरली. त्यानं चिठ्ठी घडी करून टोपीत खोचली आणि निघाला. मी दारापर्यंत गेलो. तो स्टेशनकडे वळला की मोर्शीच्या मोटारीकडे, ते गर्दीत दिसलं नाही. तू असतास, सुखदेव, तर तो अकोल्याला गेला असता.